ज्या रसायनानं नोबेलपर्यंत नेलं, त्यानंच आजारी पाडलं: एमिल फिशर आणि फेनिलहायड्रॅझिनची गोष्ट

बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेल्यांना किंवा मेडिकलच्या पहिल्या वर्षी बायोकेमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल केलेल्यांना ओसाझोन टेस्ट नक्की आठवत असेल. परीक्षानळीत साखरेचं द्रावण घ्यायचं, त्यात एक पांढरट पूड आणि सोडियम ॲसिटेट टाकायचं आणि नळी उकळत्या पाण्यात धरून बसायचं. काही मिनिटांत पिवळे स्फटिक दिसू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ग्लुकोजचे स्फटिक गवताच्या पेंढीसारखे, माल्टोजचे सूर्यफुलासारखे आणि लॅक्टोजचे कापसाच्या बोंडासारखे. चित्र काढायचं, जर्नलवर सही घ्यायची, विषय संपला.

त्या पांढरट पुडीच्या बाटलीवर नाव असतं फेनिलहायड्रॅझिन हायड्रोक्लोराइड. शेजारी कवटीचं चिन्हही असतं, पण प्रॅक्टिकलच्या घाईत तिकडे कोण बघतो?

हे रसायन पहिल्यांदा बनवलं तेव्हा एमिल फिशर जेमतेम २२-२३ वर्षांचे होते. पुढची वीस वर्षं त्यांनी त्याची साथ सोडली नाही. त्याच्याच जोरावर त्यांनी साखरेचं कोडं सोडवलं आणि त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आणि त्याच रसायनाचं विष त्यांच्या शरीरात भिनत गेलं. औषध कारखान्यात हे रसायन आज ज्या काळजीनं हाताळलं जातं, तसं ते फिशर यांच्या हयातीत कोणीच हाताळत नव्हतं. खुद्द फिशरही नाही.

धंद्यात न जमलेला मुलगा

एमिल फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहराजवळच्या ऑइसकिर्शन या गावी झाला. वडील लॉरेन्झ फिशर हे यशस्वी व्यापारी. आपल्याकडच्या कुठल्याही पेढीवाल्या शेठजींसारखीच त्यांची इच्छा होती की पोरानं घरचा धंदा सांभाळावा. शाळेची शेवटची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेल्या एमिल यांना भौतिकशास्त्र शिकायचं होतं. तरी वडिलांच्या शब्दाखातर ते काही काळ लाकडाच्या व्यापारात बसून आले, पण तिथं त्यांचं मन रमलं नाही आणि हिशेबही जमले नाहीत. शेवटी वडिलांनी हात टेकले. धंद्याच्या दृष्टीनं पोरगा मठ्ठच आहे, तेव्हा शिकू दे बापडा, असा निष्कर्ष त्यांनी काढल्याचं फिशर यांनीच पुढे आत्मचरित्रात गमतीनं नमूद केलं आहे.

१८७१ साली ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. बेंझिनच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेले केकुले तिथं शिकवायचे. पुढच्याच वर्षी चुलतभाऊ ओटो याच्या आग्रहावरून फिशर स्ट्रासबर्गला गेले. तिथं त्यांना आडोल्फ फॉन बायर हे गुरू भेटले आणि भौतिकशास्त्राचा नाद सुटला तो कायमचा. १८७४ मध्ये डॉक्टरेट झाली. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १८७५ मध्ये, फेनिलहायड्रॅझिन हाती लागलं.

तो काळ कृत्रिम रंगांचा होता. डांबरापासून निघणाऱ्या ॲनिलीनपासून जर्मन कारखाने झगझगीत रंग बनवत होते. ॲनिलीनवर थंडाव्यात नायट्रस आम्लाची क्रिया केली की डायझोनियम नावाचा क्षार मिळतो. तो फार नाजूक असतो. द्रावणात थंड ठेवला तर मुकाट राहतो, पण कोरडा केला तर त्याचा स्फोट होऊ शकतो. या क्षारावर सल्फाइटची क्रिया करताना फिशर यांना एक नवाच पदार्थ मिळाला. एकमेकांना जोडलेले दोन नायट्रोजन अणू आणि त्यांना चिकटलेलं बेंझिनचं कडं अशी त्याची रचना होती. तेलकट पदार्थ, रंग फिकट पिवळा, हवेत ठेवला की हळूहळू तपकिरी पडणारा. हायड्रॅझिन हे नाव त्यांनीच दिलं. गंमत म्हणजे खुद्द हायड्रॅझिन तेव्हा कोणी बनवलंच नव्हतं. ते १८८७ साली थिओडोर कुर्टिउस यांच्या हाती लागलं. बारसं आधी आणि बाळाचा जन्म बारा वर्षांनी, असा हा प्रकार.

पाकाला स्फटिक फुटले

या रसायनाचा एवढा उपयोग का झाला, हे समजायला साखरेची अडचण समजून घ्यावी लागेल. घरी पाक करताना तो कधी कधी जमतच नाही, नुसता चिकट राहतो, हा अनुभव सगळ्यांना असतो. एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांचं नेमकं हेच दुखणं होतं. वेगवेगळ्या शर्करा एकमेकींत मिसळलेल्या असत आणि त्यांचा स्फटिक होत नसे. स्फटिक नाही म्हणजे शुद्ध करता येत नाही, आणि शुद्ध नाही म्हणजे ओळखता येत नाही.

१८८४ मध्ये फिशर यांनी असं दाखवलं की फेनिलहायड्रॅझिनबरोबर तापवलं की शर्करेचे सुरेख पिवळे स्फटिक मिळतात. हेच ओसाझोन. प्रत्येकाचा आकार ठरलेला, वितळण्याचा बिंदूही ठरलेला. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाच्या हाती कंदील यावा तसं झालं. पुढच्या सात वर्षांत त्यांनी ग्लुकोजच्या रेणूतल्या अणूंची अवकाशातली मांडणी तर्कानं शोधून काढली. तेव्हा क्ष-किरणांनी रेणूचा फोटो काढायची सोय नव्हती. या शर्करेपासून ती शर्करा बनते, मग या दोघींत अमुक भाग सारखाच असला पाहिजे, अशी गुप्तहेराच्या धाटणीची ही साखळी होती. एका जागी मात्र त्यांना डावं की उजवं हे अंदाजानंच ठरवावं लागलं. तो अंदाज बरोबर होता हे सिद्ध व्हायला १९५१ साल उजाडलं.

दरम्यान नोकरीची गावं बदलत होती. म्युनिकनंतर एर्लांगेन, १८८५ पासून व्युर्त्झबुर्ग, १८९२ पासून बर्लिन. १८८३ मध्ये बीएएसएफ या बड्या रंग कंपनीनं आपल्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद देऊ केलं होतं. फिशर यांनी नाही म्हटलं. एव्हाना वडिलांनी त्यांची पैशांची चिंता मिटवली होती. पोराला मठ्ठ ठरवलेल्या बापानंच हे केलं, हे विसरून चालणार नाही.

प्रयोगशाळेतून कारखान्यात

त्याच १८८३ साली एर्लांगेनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. फिशर यांचा विद्यार्थी लुडविग क्नोर याला ताप उतरवणारं औषध बनवायचं होतं. तोवर तापावर खरा भरवसा होता तो क्विनीनचा, आणि ते सिंकोनाच्या सालीपासून येई. क्नोरनं गुरूंचं फेनिलहायड्रॅझिन घेतलं आणि एथिल ॲसिटोॲसिटेट नावाच्या पदार्थाबरोबर त्याची क्रिया केली. आपण क्विनीनच्या कुळातलं काहीतरी बनवलंय अशी त्याची समजूत होती. ती चुकीची निघाली, रेणू भलत्याच कुळातला होता. पण त्यावर आणखी एक क्रिया करून मिळालेल्या पदार्थानं ताप मात्र उतरत होता. हेच अँटिपायरिन. होक्स्ट कंपनीनं १८८४ मध्ये ते बाजारात आणलं, आणि १८८९-९० च्या फ्लूच्या साथीत त्याचा प्रचंड खप झाला.

पूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेल्या सुरुवातीच्या औषधांत अँटिपायरिनची गणना होते. आपल्याकडे एके काळी घरोघरी माहीत असलेलं ॲनाल्जिन हे त्याचंच पुढचं नातलग, तेही अँटिपायरिनपासूनच बनवतात.

इथं फेनिलहायड्रॅझिनची भूमिका बदलली. तोवर ते प्रोफेसरांच्या कपाटातलं रसायन होतं, आता ते कारखान्यातलं इंटरमीडिएट झालं. तारापूर, महाड, लोटे किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्यांना हा शब्द सांगायला नको. इतरांसाठी सांगायचं तर दूध आणि तूप यांच्यामध्ये जसं दही आणि लोणी येतं, तसं कच्चा माल आणि औषध यांच्यामध्ये इंटरमीडिएट येतं. फरक इतकाच की लोणी खाता येतं. औषधाचं इंटरमीडिएट मात्र पुष्कळदा जहाल असतं, कारण ते चटकन क्रिया करतं म्हणूनच तर त्याची निवड झालेली असते. ते रिॲक्टरमधल्या रेणूशी जितक्या तत्परतेनं जुळतं, तितक्याच तत्परतेनं माणसाच्या शरीरातल्या रेणूंशीही जुळतं.

विष कसं भिनतं?

फेनिलहायड्रॅझिनचं पहिलं लक्ष्य आपलं रक्त. हे रसायन श्वासातून जातं आणि कातडीतूनही सहज आत शिरतं. तांबड्या पेशीत पोहोचलं की ते हिमोग्लोबिनमधल्या प्राणवायूशी क्रिया करतं. त्यातून पेशीला आतून जाळणारे पदार्थ तयार होतात. हिमोग्लोबिन नासतं आणि त्याच्या गुठळ्या पेशीच्या भिंतीला चिकटून बसतात. या गुठळ्यांना हाइन्झ बॉडीज म्हणतात. रॉबर्ट हाइन्झ यांनी त्यांचं वर्णन १८९० साली केलं, म्हणजे फिशर शर्करेच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले होते त्याच सुमारास. अशा बिघडलेल्या पेशी प्लीहा वेचून काढून मोडते. मग रक्तक्षय, कावीळ, गडद रंगाची लघवी. ज्यांच्यात जन्मतः जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं, त्यांना धोका आणखी जास्त. मलेरियाचं प्रायमाक्विन काही जणांना बाधतं ते याच कारणानं.

रक्तपेशी मोडण्याच्या या गुणाचा डॉक्टरांनी काही काळ उपयोगही करून घेतला. पॉलिसायथेमिया या आजारात तांबड्या पेशी बेसुमार वाढतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात अशा रुग्णांना फेनिलहायड्रॅझिन दिलं जाई. सुरक्षित उपाय मिळाल्यावर ते बंद झालं. आज प्राण्यांमध्ये मुद्दाम रक्तक्षय घडवून आणायचा असेल तेव्हा संशोधक ते वापरतात.

रक्ताखेरीज ते त्वचेलाही सोडत नाही. एकदा त्याची ॲलर्जी जडली की नंतर अगदी थोड्या स्पर्शानंही इसब उठतं. आणि सगळ्यात गंभीर बाब म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यानं गाठी निर्माण केल्या. युरोपात आज त्याला कर्करोग घडवू शकणारं रसायन म्हणूनच वर्गीकृत केलेलं आहे.

फिशर यांना यातलं काय माहीत होतं? सुरुवातीला जवळपास काहीच नाही. त्या काळचा रसायनशास्त्रज्ञ नवा पदार्थ बनला की त्याचा वास घ्यायचा आणि पुष्कळदा जिभेवर ठेवून चवही बघायचा. शोधनिबंधांत चवीची नोंद करायचा शिरस्ताच होता. वासाचं तर फिशर यांनी वेगळं संशोधनही केलं होतं. एर्लांगेनच्या पेंझोल्ड्ट या सहकाऱ्याबरोबर १८८६ च्या सुमारास त्यांनी माणसाचं नाक किती सूक्ष्म मात्रा ओळखतं याचे प्रयोग केले. मरकॅप्टनच्या बाबतीत नाकानं कमाल केली. पण नाकावर विसंबून चालत नाही, कारण प्रत्येक विष मरकॅप्टनसारखी दुर्गंधी सोडून आगाऊ वर्दी देत नाही. फेनिलहायड्रॅझिनचा वास मंद असतो, आणि रोजचा सहवास असलेल्याला तर तो जाणवतही नाही.

व्हायचं तेच झालं. वर्षानुवर्षं हे रसायन हाताळल्यावर फिशर यांची तब्येत ढासळू लागली. पोटाच्या आणि पचनाच्या तक्रारी काही केल्या थांबेनात. शेवटी त्यामागे फेनिलहायड्रॅझिनची जुनाट विषबाधा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. या त्रासानं त्यांची बरीच वर्षं खाल्ली. घरातही दुःख होतं. १८८८ मध्ये लग्न झालं, तीन मुलगे झाले आणि १८९५ मध्ये पत्नी ॲग्नेस वारल्या.

बर्लिनमधली नवी इमारत

बर्लिनला बोलावणं आलं तेव्हा तिथली जुनी प्रयोगशाळा फिशर यांना पसंत नव्हती. नव्या इमारतीचं आश्वासन त्यांनी घेतलं आणि सरकारच्या मागे लागून ते पुरंही करून घेतलं. हेसिशे श्ट्रासवरची ही भव्य संस्था १९०० साली उघडली. घातक वायू बाहेर टाकणारी कपाटं आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था यांकडे तिथं खास लक्ष दिलेलं होतं. विषबाधा सोसलेल्या माणसाला त्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नसणार, असं माझं मत.

याच इमारतीतला एक किस्सा मात्र त्यांच्या बाजूनं बोलत नाही. फिशर स्त्रियांना प्रयोगशाळेत येऊ देत नसत. बायकांचे लांब केस बर्नरच्या ज्योतीत पेटतील अशी त्यांना भीती वाटे, असं सांगितलं जातं. (स्वतः फिशर दाढी राखून होते, ही गोष्ट अलाहिदा.) त्यामुळे १९०७ मध्ये लीझ माइट्नर ओटो हान यांच्यासोबत काम करायला आल्या, तेव्हा त्यांना तळघरातल्या जुन्या सुतारखोलीत बसावं लागलं. वरच्या मजल्यावर जायला मनाई होती. प्रशियात स्त्रियांना उच्च शिक्षणाची अधिकृत मुभा मिळाल्यावर फिशर यांनी बंदी उठवली, आणि पुढे त्यांनी माइट्नर यांना मदतही केली. जो धोका डोळ्यांना दिसतो, त्याची भीती चटकन वाटते. बाटलीतून कातडीत शिरणारा धोका मात्र त्यांच्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं लागली.

बाकी कामाचा झपाटा थक्क करणारा होता. चहा-कॉफीतलं कॅफिन आणि युरिक ॲसिड एकाच प्युरीन कुळातले आहेत हे त्यांनी दाखवलं. विकर आणि त्याचा पदार्थ कुलूपकिल्लीसारखे जुळतात ही १८९४ मधली कल्पनाही त्यांचीच. शर्करा आणि प्युरीनवरच्या कामासाठी १९०२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. त्यानंतरच्या वर्षी फॉन मेरिंग यांच्याबरोबर त्यांनी व्हेरोनाल हे झोपेचं औषध पुढे आणलं. १९०७ मध्ये अठरा अमिनो आम्लांची साखळी जोडली.

पहिल्या महायुद्धानं हे सगळं उधळलं. फिशर सरकारसाठी कच्च्या मालाच्या आणि रसायनांच्या नियोजनात गुंतले. तिघांपैकी दोन मुलगे युद्धाच्या त्या वर्षांत गेले. मग आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी स्वतःच जीवन संपवलं, अशी नोंद अनेक चरित्रकार करतात. कर्करोगाचं बोट फेनिलहायड्रॅझिनकडे दाखवायचा मोह होतो. पण एका माणसाच्या आजाराचं खापर असं एका बाटलीवर फोडता येत नाही, विशेषतः ज्यानं आयुष्यभर शेकडो रसायनं हुंगली त्याच्या बाबतीत.

आज हेच रसायन कसं हाताळतात?

फेनिलहायड्रॅझिनची गरज संपलेली नाही. १८८३ मध्ये फिशर यांनीच शोधलेल्या इंडोल संश्लेषणात त्याची भावंडं वापरून अर्धशिशीवरचं सुमाट्रिप्टान आणि सांधेदुखीवरचं इंडोमेथासिन बनवता येतं. सेलेकॉक्सिबसाठीही त्याचंच एक भावंड लागतं. आणि क्नोरनं पहिल्या पायरीवर बनवलेला पदार्थ आठवतो? तोच एडाराव्होन या नावानं २००१ मध्ये जपानमध्ये पक्षाघातावरचं औषध म्हणून मंजूर झाला, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी. म्हणजे अँटिपायरिनच्या वाटेवरचं इंटरमीडिएटच शंभरहून अधिक वर्षांनी स्वतः औषध बनलं!

हाताळण्याची पद्धत मात्र पार बदलली. शुद्ध फेनिलहायड्रॅझिन साधारण २० अंशांना वितळतं, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने ते तेलकट द्रवच असतं, आणि द्रव कातडीतून चटकन आत जातो. म्हणून शक्य तिथं त्याचा हायड्रोक्लोराइड क्षार वापरतात. तो घन असतो, पण पूड उडते. मग तो ओलसर ठेवतात, बंद नळीतून किंवा बंद पेटीतून रिॲक्टरमध्ये सोडतात. त्याहून चांगली युक्ती म्हणजे इंटरमीडिएट बाहेर काढायचंच नाही. डायझोनियम थंड ठेवून बनवायचं, त्याच भांड्यात त्याचं फेनिलहायड्रॅझिन करायचं आणि तसंच पुढच्या क्रियेला पाठवायचं. यात कोरड्या डायझोनियमच्या स्फोटाची भीतीही टळते.

हवेतल्या मात्रेची मर्यादा बघितली की धोक्याची कल्पना येते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेनं ती हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग इतकी सुचवली आहे, आणि सोबत कातडीतून शिरतं असा वेगळा इशारा जोडला आहे. त्यामुळे केवळ मास्क लावून भागत नाही. योग्य हातमोजे, अंगभर कपडे आणि सांडलं तर कपडे तत्काळ उतरवून भरपूर पाण्यानं धुणं, हे सगळं आलंच. कामगारांचं हिमोग्लोबिन ठरावीक काळानं तपासावं लागतं, कारण थकवा आणि फिकटपणा ही लक्षणं अंगावर काढायची आपल्याकडे सवयच आहे. रक्ताचा अहवाल मात्र लक्षणांच्या आधी बोलतो.

तयार गोळीतही त्याचा मागमूस उरता कामा नये. जनुकांना इजा करू शकणाऱ्या अशा अशुद्धींसाठी, औषध आयुष्यभर घ्यायचं असेल तर दिवसाला १.५ मायक्रोग्रॅम ही सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. फिशर यांच्या टेबलावर एका दिवसात जेवढं सांडत असेल, तेवढ्यात ही मर्यादा किती जणांसाठी ओलांडली गेली असती याचा हिशेब न केलेलाच बरा.

फिशर यांचं आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर १९२२ मध्ये प्रसिद्ध झालं. हयात राहिलेला मुलगा हेर्मान हाही रसायनशास्त्रज्ञ झाला आणि शर्करांवरच काम करू लागला. १९३० च्या दशकात त्यानं जर्मनी सोडली. आधी स्वित्झर्लंड, मग कॅनडा, शेवटी कॅलिफोर्निया. या सगळ्या प्रवासात त्यानं एक ओझं जपून सोबत नेलं. वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या रसायनांच्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या त्या. बाटल्यांची बुचं नीट बसवलेली आणि प्रत्येकीवर लेबल चिकटवलेलं.